प्रक्षालक इंजिन ऑइल

प्रक्षालक इंजिन ऑइल म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाला वंगण पुरविण्याबरोबरच त्याचे अंतर्भाग स्वच्छ ठेवणारे तेल होय. मूळ तेलात मिसळलेल्या प्रक्षालक व विखुरक द्रव्यांमुळे त्याला हा गुण प्राप्त होतो. व्यवहारात त्याला 'डिटर्जंट ऑइल' असेही म्हणतात. आज मोटारगाड्यांसाठी विकले जाणारे जवळजवळ प्रत्येक इंजिन ऑइल या अर्थाने प्रक्षालकच असते. मात्र काही तेलांत स्वच्छतेचा गुण मुद्दाम वाढविलेला असतो आणि ती 'इंजिन स्वच्छ करणारी तेले' म्हणून विकली जातात. गाडी चालू असताना दीर्घकाळ वापरायची ही तेले आणि तेल बदलण्यापूर्वी काही मिनिटांपुरते वापरले जाणारे 'इंजिन फ्लश' द्रावण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यास इंजिनाचे नुकसान होऊ शकते.

## इंजिनातील मळ

इंजिन चालू असताना सिलिंडरातील दाबाखालील वायूंचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांजवळून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. या वायूंत पाण्याची वाफ, न जळलेले इंधन, काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि आम्लधर्मी पदार्थ असतात. १ लिटर पेट्रोल जळाल्यावर जवळपास १ लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक वाफ धुराड्यावाटे निघून जाते, पण अल्प अंश तेलापर्यंत पोहोचतो. याशिवाय उष्णतेमुळे व हवेतील ऑक्सिजनमुळे तेलाचेही ऑक्सिडीभवन होते. या सर्वांपासून मुख्यतः तीन प्रकारचा मळ निर्माण होतो.

* '''गाळ :''' तेल, पाणी, इंधनाचे अवशेष व काजळी यांचा काळपट, लोण्यासारखा दाट लगदा. तो व्हॉल्व्हच्या झाकणाखाली, तेलाच्या चेंबरच्या तळाशी व इतर थंड भागांत साचतो.
* '''लाखेसारखा थर :''' तापलेल्या धातूवर बसणारा पातळ, चकचकीत, तपकिरी लेप.
* '''कार्बनचा कठीण थर :''' पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत भाजून घट्ट झालेला मळ. यामुळे रिंगा खाचांत अडकतात, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल नीट खरवडले जात नाही आणि इंजिन तेल 'खाऊ' लागते.

इंजिन पूर्ण तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास गाळासाठी विशेष पोषक ठरतात, कारण तेलात उतरलेले पाणी व इंधन बाष्परूपाने निघून जाण्यास वेळच मिळत नाही. शहरातील कोंडीत इंजिन दीर्घकाळ जागीच चालू राहिले, तर गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. तेल मात्र जुने होत जाते. क्रँककेसमधील वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह तुंबणे आणि तेल वेळेवर न बदलणे ही आणखी दोन प्रमुख कारणे आहेत.

गाळाचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे तेलपुरवठा खंडित होणे. चेंबरमधील तेल शोषून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती गाळाने तुंबली, तर पंप व्यवस्थित असूनही बेअरिंगांना तेल मिळत नाही आणि इंजिन जाम होऊ शकते. टोयोटा कंपनीच्या १९९७ ते २००२ या काळातील काही मोटारींच्या इंजिनांत गाळ साचण्याच्या तक्रारी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. त्यानंतर २००२ मध्ये कंपनीने त्या गाड्यांसाठी वाढीव मुदतीची दुरुस्ती योजना जाहीर केली. या प्रकरणामुळे इंजिनातील गाळाचा प्रश्न सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला.

## रासायनिक घटक

तयार इंजिन ऑइलमध्ये मूळ तेलाखेरीज अनेक पूरक द्रव्ये असतात. त्यांपैकी स्वच्छतेशी संबंधित घटक पुढीलप्रमाणे आहेत.

### प्रक्षालके

कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम यांची सल्फोनेटे, फिनेटे व सॅलिसिलेटे ही प्रमुख प्रक्षालके होत. त्यांच्या रेणूचे एक टोक ध्रुवीय असून ते मळाला किंवा धातूच्या पृष्ठभागाला चिकटते. दुसरे लांब टोक तेलात विरघळते. पिस्टनसारख्या अतितप्त भागांवर थर बसू न देणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. या रेणूंच्या वेढ्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण धरून ठेवलेले असतात. ते तेलात उतरलेली आम्ले निष्प्रभ करतात.

आम्ले निष्प्रभ करण्याची ही क्षमता 'टीबीएन' या अंकाने मोजली जाते. १ ग्रॅम तेलाची क्षमता किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडइतकी आहे, हे त्यातून कळते. मोटारींच्या नव्या तेलात हा अंक साधारणपणे ६ ते १० असतो. गंधकयुक्त जड इंधनावर चालणाऱ्या जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी ७० किंवा त्याहून अधिक अंकाची सिलिंडर तेलेही वापरली जातात. तेल वापरात असताना हा अंक हळूहळू घटत जातो.

### विखुरक द्रव्ये

पॉलिआयसोब्युटिलीनपासून बनविलेली सक्सिनिमाइडे हा विखुरकांचा मुख्य वर्ग आहे. ती काजळीच्या प्रत्येक कणाला वेढून कणांना एकत्र येऊ देत नाहीत. त्यामुळे कण सामान्यतः १ मायक्रॉनपेक्षा लहानच राहतात, तेलाबरोबर फिरतात आणि तेल बदलताना त्याच्यासोबत बाहेर पडतात. इतके सूक्ष्म कण ऑइल फिल्टरमध्ये अडकत नाहीत. म्हणूनच फिल्टर कितीही चांगला असला तरी ठरावीक काळाने तेल बदलणे अपरिहार्य असते.

### मूळ तेल

मूळ तेलाच्या विद्रावक शक्तीचाही स्वच्छतेत वाटा असतो. एस्टर वर्गातील कृत्रिम तेले ध्रुवीय असल्याने साचलेला मळ सैल करण्यास मदत करतात. शुद्ध पॉलिआल्फाओलेफिन तेल उष्णतेत टिकाऊ असते, परंतु त्याची विद्रावक शक्ती कमी असते. त्यामुळे बहुतेक कृत्रिम तेले ही विविध मूळ तेलांची मिश्रणे असतात.

## इतिहास

मोटारींच्या आरंभीच्या काळात इंजिनांत पूरक द्रव्यांविना साधे खनिज तेल वापरले जाई. १९३० च्या दशकात अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा मळामुळे अडकू लागल्या. त्यावर उपाय म्हणून धातूंचे साबण तेलात मिसळण्यात आले आणि प्रक्षालक तेलांचा उदय झाला.

१९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने इंजिन ऑइलचे रेग्युलर, प्रीमियम व हेवी ड्यूटी असे तीन वर्ग केले. त्यांपैकी प्रक्षालक द्रव्ये हेवी ड्यूटी वर्गातच असत. पुढे ती पेट्रोलच्या सामान्य गाड्यांच्या तेलांतही आली. या संस्थेच्या आजच्या वर्गीकरणात पूरक द्रव्ये नसलेले तेल 'एसए' वर्गात मोडते आणि १९३० नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांसाठी ते अयोग्य मानले जाते. २०१० मध्ये 'एसएन' आणि २०२० मध्ये 'एसपी' हे वर्ग अमलात आले. प्रत्येक नव्या वर्गाबरोबर गाळ व पिस्टनवरील थर यांसंबंधीच्या इंजिन चाचण्या अधिक कडक होत गेल्या.

२०२४ मध्ये व्हॅल्वोलिन कंपनीने अमेरिकेत 'रिस्टोर अँड प्रोटेक्ट' हे तेल बाजारात आणले. नवीन मळ रोखण्याबरोबरच जुना साचलेला मळही नियमित वापराने काढून टाकता येतो, असा कंपनीचा दावा आहे. यानंतर रोजच्या गाडीत अशी तेले वापरावीत का, या प्रश्नाची चर्चा वाढली.

## दैनंदिन वापर

वेळेवर तेल बदललेल्या, सुस्थितीतील इंजिनासाठी वाहन-पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे व श्यानतेचे तेल स्वच्छतेच्या दृष्टीनेही पुरेसे असते. अशा इंजिनात काढून टाकण्याजोगा मळ थोडाच असतो. त्यामुळे वाढीव प्रक्षालन गुणाच्या तेलाचा लाभ मर्यादित राहतो. ते तेल निर्मात्याने सांगितलेल्या मानकात बसत असेल, तर मात्र त्याच्या नियमित वापराला आडकाठी नसते.

पुढील परिस्थितींत अशी तेले अधिक उपयुक्त ठरू शकतात :

* रिंगा मळाने अडकल्यामुळे इंजिन तेल खात असेल;
* गाडी जुनी खरेदी केलेली असून तिच्या तेलबदलाची नोंद उपलब्ध नसेल;
* गाडीचा वापर मुख्यतः छोट्या प्रवासांसाठी किंवा कोंडीत होत असेल.

रिंगा किंवा सिलिंडर झिजल्यामुळे तेल जळत असेल, तर कोणत्याही प्रक्षालक तेलाने झीज भरून निघत नाही. तेल आपल्या मार्गाबाहेरील मळही काढू शकत नाही. थेट सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर कार्बन साचतो. तो काढण्यासाठी स्वतंत्र यांत्रिक किंवा रासायनिक स्वच्छता करावी लागते.

दीर्घकाळ दुर्लक्षित इंजिनात पहिल्यांदाच असे तेल भरल्यास सुटलेल्या मळाने फिल्टर लवकर भरतो. फिल्टर तुंबल्यावर त्यातील पर्यायी मार्ग उघडतो आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगांकडे जाते. म्हणून पहिला तेलबदल व फिल्टरबदल नेहमीपेक्षा लवकर करणे श्रेयस्कर असते. गाळ खूप जाड असल्यास चेंबर उघडून हाताने स्वच्छ करणे हाच अधिक सुरक्षित मार्ग होय.

## मर्यादा व धोके

प्रक्षालक जितके अधिक तितके तेल चांगले, असे नाही.

* '''राख :''' प्रक्षालकांतील धातू जळाल्यावर राख उरते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर बसविलेला असतो. काजळी जाळून तो पुन्हा मोकळा करता येतो. राख मात्र जळत नाही व कायमची साचते. अशा गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. युरोपीय वाहननिर्मात्यांच्या एसीईए संघटनेच्या सी-३ वर्गात सल्फेटयुक्त राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे.
* '''अकाली प्रज्वलन :''' टर्बोचार्जर असलेल्या व थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत, कमी वेग व अधिक भार असताना ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटू शकते. त्या आघाताने पिस्टन फुटण्याचा धोका असतो. कॅल्शियमयुक्त प्रक्षालकांचे प्रमाण जास्त असल्यास हा धोका वाढतो, असे संशोधनात आढळले. म्हणून २०१८ मधील 'एसएन प्लस' व त्यानंतरच्या 'एसपी' वर्गात यासंबंधीची चाचणी समाविष्ट झाली. अनेक तेलांत कॅल्शियमची जागा अंशतः मॅग्नेशियमने घेतली.
* '''ट्रक-बसचे तेल मोटारीत वापरणे :''' अवजड डिझेल वाहनांच्या तेलात प्रक्षालके अधिक असल्याने काही जण इंजिन 'धुण्यासाठी' ते पेट्रोल मोटारीत भरतात. त्यातील फॉस्फरसचे प्रमाण बहुधा जास्त असते व त्यामुळे धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तकाची कार्यक्षमता कालांतराने घटू शकते.
* '''दुचाकी :''' बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व क्लच यांना एकच तेल लागते. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो. त्यामुळे अशा मोटारसायकलींसाठी जासो एमए किंवा एमए-२ मानकाचेच तेल वापरावे लागते.

## इंजिन फ्लश

फ्लश द्रावण जुन्या तेलात ओतून इंजिन निर्देशानुसार काही मिनिटे जागीच चालू ठेवतात आणि नंतर ते तेल काढून टाकतात. द्रावण मिसळलेले असताना गाडी चालवायची नसते, कारण पातळ झालेले तेल भार पेलू शकत नाही. जाड गाळ असलेल्या इंजिनात फ्लशमुळे मोठे तुकडे एकदम सुटून शोषक जाळी बंद होण्याचा धोका असतो.

भारतातील अनेक गॅरेजांत या कामासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची जुनी पद्धत आहे. ही द्रव्ये मळ सैल करतात, पण सुटलेला मळ तरंगत ठेवण्याचा गुण त्यांच्यात नसतो. तसेच त्यांचे वंगणगुण अत्यल्प असतात. तेल काढल्यानंतरही इंजिनाच्या नलिकांत त्यांचा अंश उरतो व नवे तेल पातळ होते.

## प्रचलित गैरसमज

'तेल काळे पडले म्हणजे निकृष्ट होते' हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात काजळी धातूवर न बसता तेलात राहिल्याचे ते बहुधा चिन्ह असते. डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच वेळात काळे होते. तेल बदलण्याची वेळ रंगावरून ठरवता येत नाही. ती किलोमीटर व कालावधी यांवरून किंवा प्रयोगशाळेतील तपासणीवरून ठरते.

'जुन्या इंजिनाला प्रक्षालक तेल चालत नाही' या समजाला ऐतिहासिक आधार आहे. पूर्वीच्या अनेक गाड्यांत सर्व तेल गाळणारा फिल्टर नसे आणि साध्या तेलातील मळ चेंबरच्या तळाशी बसून राही. अशा इंजिनात अचानक प्रक्षालक तेल भरल्यास वर्षानुवर्षे बसलेला मळ उठून बेअरिंगांपर्यंत पोहोचे. आजच्या गाड्यांत आरंभापासूनच प्रक्षालक तेल असल्याने हा आक्षेप त्यांना लागू होत नाही; जुन्या अभिजात मोटारींच्या बाबतीत मात्र तो आजही विचारात घेतला जातो.

## वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

काढलेल्या तेलात मळाबरोबरच झिजलेल्या धातूंचे कण व इंधनाचे अवशेष असतात. ते गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होते. भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचणे अपेक्षित असते. पुनर्शुद्धीकरणाने त्यापासून पुन्हा मूळ तेल मिळविता येते.

## हेही पाहा

* वंगण
* अंतर्ज्वलन इंजिन
* प्रक्षालके
* श्यानता
* भारत स्टेज उत्सर्जन मानके