दप्तराबाहेरचा गिअरबॉक्स

मोटारीच्या नोंदणी-पुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो, सांगाड्याचा क्रमांक असतो, रंग, इंधन आणि आसनसंख्या यांचीही रीतसर नोंद असते. परंतु चालकाचा डावा हात दिवसभर ज्या एका अवयवाशी हुज्जत घालीत असतो, त्या गिअरबॉक्सची नोंद त्या दस्तऐवजात घेतली जात नाही. सरकारदरबारी मोटारीची ओळख म्हणजे इंजिन आणि सांगाडा. हाताला विचाराल तर ती ओळख गिअरच्या दांड्यापाशी सुरू होते. जुन्या मोटारीला दुसरा गिअरबॉक्स बसविण्याची हौस ज्यांना जडते, त्यांचा सारा खटाटोप या दोन साक्षींच्या मधल्या जागेत चालतो, आणि मुंबईच्या फियाटचे उदाहरण घेतले म्हणजे तो किती दूरवर पोहोचतो हे नीट ध्यानी येते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ साली तिचा ‘डिलाइट’ हा अवतार आला, आणि १९७४ पासून तीच मोटार चितोडच्या राणीचे नाव धारण करून ‘पद्मिनी’ म्हणून घरोघरी परिचयाची झाली. नाव पालटले, तोंडावळाही थोडाफार पालटला. परंतु १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांडीवरून चालविला जाणारा चार गिअरचा बॉक्स यांनी आपले वतन कित्येक वर्षे सोडले नाही. दांडा वर असल्यामुळे पायाशी जागा मोकळी राही, पुढचे आसन अखंड बाकासारखे ठेवता येई, आणि चालकाच्या शेजारी दोघे दाटीवाटीने का होईना, पण सामावत.

या सोयीची किंमत हाताला मोजावी लागे. स्टिअरिंगच्या बाजूने उतरणाऱ्या सळ्या, त्यांचे सांधे आणि बुश यांतून वळणे घेत घेत हाताचा हुकूम बॉक्सपर्यंत जायचा; बुश झिजले की, मामलेदाराचा हुकूम चावडीपर्यंत पोहोचता पोहोचता जसा पातळ व्हावा तसा तोही प्रत्येक सांध्यात थोडाथोडा विरे, आणि चालक दुसऱ्या गिअरच्या शोधात दांडा नुसताच ढवळीत राही. त्यात जुन्या डिलाइटच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. दोन चक्रे एकमेकांत गुंतण्यापूर्वी शंकूच्या आकाराच्या कड्याच्या घर्षणाने त्यांची गती सारखी करणारी ही युक्ती कॅडिलॅकने १९२८ साली बाजारात आणली होती. जिथे ती नसे तिथे गाडी पूर्ण थांबवावी, नाहीतर क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटरचा बेताचा फटका देऊन, दातांचे मन वळवावे, एवढेच दोन मार्ग उरत. घाटात, भरल्या गाडीने, पुढच्या एस.टी.ने अकस्मात वेग कमी केला की ही विद्या पणाला लागे.

याच कारखान्याने १९८५ साली ‘११८ एनई’ ही मोटार काढली, तेव्हा तिच्यात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन आणि जमिनीवरून उगवणाऱ्या आखूड दांड्याचा गिअरबॉक्स होता. पुढे अखेरच्या काळात पद्मिनीलाही निसानचा गिअरबॉक्स आणि जमिनीवरचा दांडा लाभला. जुन्या फियाटच्या मालकांच्या मनात अभिलाषा उत्पन्न झाली ती इथून. जी वस्तू थोरल्या घरच्या धाकट्या पातीला मिळाली, ती आपल्याला का मिळू नये, असा तो भाऊबंदकीचा सवाल होता. अखेरच्या मॉडेलचे सर्व भाग ज्याला एका जागी सापडले त्याचे काम सुकर झाले. ज्याला नुसता गिअरबॉक्स मिळाला, त्याला लेथवाल्याचा उंबरठा झिजवावा लागला.

अशाच एका जुन्या फियाटला दुसरा बॉक्स बसत असताना मी गॅरेजात दोन दुपारी बसून होतो. वयस्क मेस्त्रींनी जुना बॉक्स उतरवून गोणपाटावर ठेवला, नव्याचे घंटेच्या आकाराचे बेलहाउसिंग तेवढे इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी कसले, आणि बॉक्स चढविण्याऐवजी फ्लायव्हीलवर डायल गेजचे लोहचुंबक चिकटविले. हाताखालच्या मुलाने पान्याने क्रँक सावकाश फिरविला. गेजचे टोक बेलहाउसिंगच्या गोल तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरू लागले आणि सुई अकरा थाउ हलली. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सुईची एकूण हालचाल पाच थाउंच्या, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटरच्या आत असावी, हा या व्यवसायातला सर्वमान्य दंडक. मेस्त्री म्हणाले, “साहेब, बोल्ट लागले म्हणून बॉक्स बसला असं होत नाही. तो रांगेत बसला पाहिजे.” क्रँक आणि बॉक्सचा पुढचा शाफ्ट हे एका सरळ रेषेत नसतील, तर क्लचप्लेट वाकडी ओढली जाते, बेअरिंग रडू लागते, आणि एखाद्या दिवशी भर चढावर गिअर आपोआप निसटतो, बॉक्स खराब निघाला म्हणून बोल लागतो तो बिचाऱ्या बॉक्सला. सुई चार थाउंवर येईपर्यंत ती दुपार सरली.

दुसऱ्या दुपारी लक्षात आले की गिअरबॉक्स ही एकटी बदलण्याची वस्तूच नव्हे. नव्या शाफ्टच्या खाचा निराळ्या, म्हणून क्लचप्लेटचा मधला भाग निराळा. बॉक्सची लांबी निराळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून, पुन्हा वेल्ड करून, बॅलन्स करणे आले. पाठीमागचे फाउंडेशन, म्हणजे बॉक्सचा आधार, आपल्या जागी येईना, म्हणून त्याची आडवी पट्टी नवी घडविणे आले. स्पीडोमीटरची केबल ज्या दात्यांवर चालते त्यांची संख्या जुळली नाही तर काटा खोटी साक्ष देणार, म्हणून तोही हिशेब आला. एवढे करून पदरात काय पडते, हेही रोखठोक सांगितले पाहिजे. चार गिअरच्या बॉक्समध्ये वरचा गिअर बहुधा एकास एक असतो. म्हणून एक चौगिअरी बॉक्स काढून दुसरा बसविल्याने हमरस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी होत नाहीत. ०.८ चा पाचवा गिअर असेल तर मिनिटाला ३५०० फेऱ्यांचे २८०० होतात. हिंदुस्थान मोटर्सने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अँबॅसडरला इसुझूच्या इंजिनासोबत पाच गिअरचा बॉक्स दिला, त्यात हा लाभ होता. आमच्या फियाटच्या वाट्याला आले ते हाताचे सुख; वेगाचा किंवा पेट्रोलचा लाभ त्यात नव्हता.

आता कायद्याची बाजू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाचा रोख असा की, नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे कलम कडक अर्थाने वाचले. २०२१ साली पन्नास वर्षांवरील ‘व्हिंटेज’ मोटारींसाठी स्वतंत्र नियम झाले, त्यांत सांगाडा, कवच आणि इंजिन यांच्यातील मोठ्या फेरफारास मनाई आहे. गिअरबॉक्सचे नाव तिथेही नाही. परंतु दांडा जमिनीतून वर यायचा तर जमिनीला भोक पाडावे लागते, आणि जमीन हा कवचाचाच भाग! जो बॉक्स दप्तराला दिसत नाही, त्याने पाडलेले वीतभर भोक मात्र दिसू शकते. म्हणून आमच्या फियाटच्या मालकांनी, मोटार पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, कापलेला पत्र्याचा तुकडा, जुन्या सळ्या आणि तेल भरून तोंडे बंद केलेला जुना बॉक्स, हे सर्व माळ्यावर जपून ठेवले आहे.

मुंबईतल्या अखेरच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि ते प्रकरण दप्तरी बंद झाले. आमची फियाट खाजगी, म्हणून ती अजून धावते. परवा मालकांच्या शेजारी बसून मी एका चौकात थांबलो होतो; दिवा हिरवा झाला, आणि नवा दांडा गुडघ्याशी तयार उभा असताना त्यांचा डावा हात सवयीने स्टिअरिंगजवळच्या रिकाम्या हवेत गेला, क्षणभर तिथेच थबकला, आणि मग खाली आला. बॉक्स बसून तेव्हा आठ महिने झाले होते.