‘वेंट’ आलं कुठून?

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हे आपण शाळेत मुकाट्याने पाठ करतो. पण ही रूपं मुळात एका क्रियापदाची नाहीतच. ‘सेंड’चं ‘सेंट’, ‘बेंड’चं ‘बेंट’, तसं ‘वेंट’ हे ‘वेंड’चं रूप. प्राचीन इंग्रजीत ते ‘वेंडन’ होतं. अर्थ वळणे, वळवणे. पुढे अर्थ सरकत ‘वाट धरणे, निघणे’ असा झाला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने कँटरबरीच्या यात्रेकरूंसाठी हेच क्रियापद योजलं आहे.

‘गो’चा जुना भूतकाळ ‘एओडे’ होता, तोही परक्याच मुळाचा! तो मागे पडला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ त्याच्या जागी रुळलं. स्कॉटलंडमध्ये मात्र ‘गो’च्या तिथल्या ‘गे’ या रूपापासूनच ‘गेड’ घडवलं गेलं.

मराठीला हे नवं नाही. ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूचं, तर ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’पासून आलेलं. आपल्याला ही जोडी कधी खटकतसुद्धा नाही.

आज ‘वेंड’चा भूतकाळ ‘वेंडेड’ होतो. ते मुख्यतः ‘वेंड वन्स वे’ या प्रयोगातच भेटतं: रमतगमत, वळणं घेत वाट चालण्यासाठी. साध्या ‘जाणे’साठी ते वापरू नये, वाक्य उगाच पुस्तकी वाटतं.