तेरडा : बीपासून बीपर्यंत

ठाणे जिल्ह्यात बारवी धरणाच्या भोवतालच्या रानात पहिल्या सरी पडल्या की तेरड्याची रोपे आपोआप उगवतात आणि श्रावण-भाद्रपदात डोंगरउतार गुलाबी फुलांनी भरून जातात. शाळेच्या बागेसाठी महाग बियाणे आणण्याचे कारण नाही, हे यावरून ध्यानी येईल. तेरड्याचा सारा जीवनक्रम एका पावसाळ्यात पुरा होतो. त्यामुळे बीपासून बीपर्यंतचा प्रवास मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

जून महिन्यात शाळा उघडताच पेरणी करावी. वाफा थोडा उंच असावा, कारण मुळांशी पाणी साचले की तेरड्याचे रसाळ खोड कुजते. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल पेरू नये. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसू लागतात. रोपांना चार पाने आली की दोन रोपांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करावी. प्रत्येक मुलाकडे एक रोप सोपवून दर आठवड्यास त्याची उंची वहीत लिहवून घ्यावी.

पेरणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी फुले येतात. फुलामागील बारीक वाकडी नळी मुलांना दाखवावी; तिच्यात मध असतो व त्यासाठी मधमाश्या येतात. उमललेल्या फुलात प्रथम परागकोशांची टोपी दिसते. ती गळून पडल्यावरच आतील कुक्षी उघडी होते. एकाच फुलाचे सकाळ-संध्याकाळ निरीक्षण केल्यास हा क्रम मुलांना कळतो.

खरी दक्षता लागते ती यापुढे. अनेक घरांत गौरीच्या आवाहनासाठी तेरडा मुळासकट आणतात. त्या वेळी बोंडे बहुधा हिरवीच असतात. उपटलेल्या रोपापासून पुढील वर्षाचे बी मिळत नाही. यास्तव प्रत्येक रंगाची दोन-तीन जोमदार रोपे दोरा बांधून बियाण्यासाठी राखावीत. बाकीची मुलांनी आनंदाने घरी न्यावीत. त्यामुळे सणही साधतो व बीही टिकते.

पिकलेल्या बोंडाच्या सालीत ताण साठलेला असतो. बोट लागताच तिची पाच शकले आत वळतात आणि बिया दूर उडतात. म्हणून बोंड फिकट पिवळसर होताच त्याभोवती मूठ धरून ते तोडावे. बी सावलीत वाळवून, रंग व वर्ष लिहून, कोरड्या बाटलीत ठेवावे.

बारवीच्या परिसरात या कामाला अधिक अर्थ आहे. धरण १९७२ साली झाले. पुढे त्याची उंची वाढविल्यावर काही पाड्यांना आपली जागा सोडावी लागली. अंगण हलविता येत नाही, परंतु अंगणातील तेरड्याचे बी मुठीत नेता येते. जुन्या रानातील बी नव्या शाळेच्या वाफ्यात रुजविणारा विद्यार्थी वनस्पतिशास्त्राबरोबर आपल्या गावाचीही ओळख जपतो.

तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. ती फुलापुरती खरी आहे. वेळीच गोळा केलेले बी मात्र पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी तो रंग पुन्हा घेऊन येते.