कळलावी फुलवा, पण बियांपासून!

पावसाळा मध्यावर आला की सह्याद्रीच्या उतारांवर आणि शेताच्या बांधांवर कळलावीची पिवळी-तांबडी फुले ज्वाळांप्रमाणे उमलतात. 'अग्निशिखा' हे संस्कृत नाव सार्थ करणाऱ्या या वेलीचा मोह शहरातील बागप्रेमींना न पडला तरच नवल. मात्र, त्या मोहापायी रानातील कंद खणून आणले, तर तेथील वेल कायमची नाहीशी होते. शिवाय, नांगराच्या आकाराच्या या कंदाला अंकुर फुटतो तो केवळ टोकाशी. खणताना टोक मोडले, की कंद वाया गेलाच म्हणून समजावे.

त्यापेक्षा बियांपासून लागवड करणे श्रेयस्कर. पावसाळ्यानंतर शेंगा वाळून उकलतात आणि आतील केशरी-लाल बिया दिसू लागतात. शक्यतो ओळखीच्यांच्या बागेतील वेलीच्या बिया घ्याव्यात. ताज्या बिया सहसा लगेच रुजत नाहीत. त्यांना काही महिन्यांची विश्रांती लागते. म्हणून त्या सावलीत वाळवून कागदी पाकिटात पुढील जूनपर्यंत ठेवाव्यात.

पेरणीपूर्वी बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. माती, वाळू आणि कुजलेले पालापाचोळ्याचे खत यांचे निचरा होणारे मिश्रण कुंडीत भरून बिया सुमारे १ सेंटिमीटर खोल पेराव्यात. सर्व बिया एकाच वेळी उगवत नाहीत. काहींना अनेक आठवडे लागतात. तोवर कुंडी उकरू नये.

पहिल्या वर्षी मोजकीच पाने येतात आणि पावसाळा सरल्यावर ती पिवळी पडून वाळतात. रोप मेले असे समजून अनेक जण याच वेळी कुंडी रिकामी करतात. वास्तविक मातीखाली इवलासा कंद जिवंत असतो. पाणी तोडून कुंडी पावसापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी. पुढील पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा पाणी सुरू करताच कोंब वर येतो. पानांची टोके ताण्यांप्रमाणे आधाराला गुंडाळतात, त्यामुळे जवळ काठी रोवावी. फुलांसाठी साधारणतः तीन ते चार वर्षे थांबावे लागते.

एक इशारा महत्त्वाचा. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते. त्यामुळे कुंडी मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावी, बिया हाताळल्यावर हात धुवावेत आणि घरगुती औषधाचे प्रयोग कटाक्षाने टाळावेत.

एवढी पथ्ये पाळली, तर रानातील कंद रानातच राहील आणि गच्चीतही अग्निशिखा फुलेल.