पन्नास पट्ट्यांची डबी

पहाटे 4.00

पाणी यायच्या आधी उठते. पिंप भरायचं, कळश्या भरायच्या, मग साठ चपात्यांचं पीठ मळायचं. लोअर परळच्या ऑफिसांत माझे बावीस डबे जातात. लेक चटईवर झोपलेली असते. पिठात हात घालायच्या आधी तिच्या मानेवरून फिरवते. मान कोरडी असेल तर कामाला लागायचं. ओली असेल तर शुगर खाली गेलीय असं समजून उठवायचं. हाताचा भरवसा नाही, पट्टी लावून बघावं, हे मलाही कळतं. पण एक पट्टी वीसेक रुपयांना पडते.

सकाळी 6.00

मशीनवर 214. रात्री काही खाल्लंस का, हा प्रश्न जिभेवर येतो तो गिळते. वयात येताना अंगातल्या हार्मोन्सपुढे इन्सुलिन कमी पडतं, पहाटे शुगर आपसूक चढते, हे डॉक्टरांनी समजावलंय. पण ते डोक्यात शिरायला मला दोन वर्षं लागली. अकराव्या वर्षी तिला टाइप 1 मधुमेह निघाला, आता ती चौदाची आहे. मधली दोन वर्षं मी तिच्या दप्तराची झडती घेत होते. खोटं बोलायला ती माझ्यामुळेच शिकली.

दोन बाटल्या, एक सिरिंज. आधी पाण्यासारखं औषध ओढायचं, मग दुधाळ. सिरिंज लाल टोपणाचीच हवी, कारण आमच्या बाटलीत मिलिलिटरला 40 युनिट. एकदा एका औषधवाल्यानं केशरी टोपणाच्या दिल्या. त्या 100 च्या बाटलीसाठी असतात. दहाच्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात चारच युनिट जात होते. तीन दिवस शुगर चारशेच्या वर, आणि मी तिलाच बोलत होते. आता टोपणाचा रंग दुकानाबाहेर उजेडात बघून घेते.

टोचल्यावर अर्धा तास थांबायचं, मग खायचं. जुन्या पद्धतीचं स्वस्त इन्सुलिन असंच असतं, ते तुमच्या घड्याळावर चालत नाही. महागातलं टोचलं की लगेच ताटावर बसता येतं. ज्या घरात पाणी कधीही येतं त्या घरात अर्धा तास म्हणजे काही नाही. इथं शाळेची वेळ, वर मोरीसाठी भांडण.

त्या अर्ध्या तासात मी तिला गोष्ट सांगायचे. मधुमेही मुलांच्या शिबिरात ऐकलेली. इन्सुलिनचा शोध 1921 चा, कॅनडातल्या टोरांटोचा. पुढच्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका माणसाला टोचलं, तो लेनर्ड थॉम्पसन चौदा वर्षांचाच होता. आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीही त्याच सुमाराला बांधायला घेतलेल्या. आता तिला गोष्ट पाठ झालीय. म्हणते, “आई, औषध सुधारलं, चाळ तशीच राहिली.”

सकाळी 8.30

डबे भरायची घाई. गिऱ्हाइकांच्या चपात्या अंदाजानं, लेकीच्या काट्यावर. तिचा गोळा तेहेतीस ग्रॅमचा, म्हणजे आत पीठ वीस ग्रॅम, म्हणजे पोटात जाणारी कर्बोदकं साधारण पंधरा. आहारतज्ज्ञ बाईंनी एवढं सांगितल्यावर मी हसले होते. आयुष्यभर चपात्या लाटल्या, कुणी वजन नव्हतं विचारलं. आता हात इतका बसलाय की काटा लावला तर ग्रॅमभर इकडेतिकडे. भाताचं मात्र अजून जमत नाही. गावाहून आलेल्या जाड तांदळाची वाटी आणि दुकानातल्या कोलमची वाटी सारखी बसत नाही.

सकाळी 11.00

शाळेची मधली सुट्टी. या वेळेला तिनं खाल्लंच पाहिजे, नाहीतर सकाळचं दुधाळ औषध दुपारी जोर धरतं आणि शुगर कोसळते. डब्यात चण्याची उसळ आणि एक चपाती. तिच्या मैत्रिणींना वाटतं ती डाएटवर आहे. तिनंच तसं सांगितलंय. वर्गात फक्त बाईंना माहीत आहे. पुढच्या वर्षी दहावी. सीबीएसईनं मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ न्यायची परवानगी 2017 मध्येच दिली. आमचं राज्य मंडळ, म्हणून मी अर्ज आत्ताच लिहून ठेवलाय.

दुपारी 2.00

पाठ टेकते. दादरच्या शिबिरातला मुलगा आठवतो. दंडावर नाण्याएवढा सेन्सर, आकडा त्याच्या आईच्या मोबाइलवर. दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला 288. आमच्या तीन पट्ट्या. ती बाई चांगली होती, ऑफिसात मीटिंग चालू असतानाही आकडाच बघत बसते म्हणाली. “आणि हा काही सांगतच नाही हो.” चला, तेवढं तरी दोघींचं सारखं. पलीकडे मोखाड्याची एक बाई होती. घरात फ्रीज नाही, बाटली वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवते. आजार तिघींच्या घरात एकच. कोण किती वेळा आत डोकावून बघू शकतं, तेवढाच फरक. पण मुलांच्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी त्यावरच ठरते.

संध्याकाळी 5.45

जांबोरी मैदानावरून शेजारची पोरगी धावत वर आली, “काकू, ती बसलीय खाली.” कबड्डी चालू होती. ओठ पांढरे, हात थरथरत होते. खिशातली साखरेची पुडी तिनं उघडली नव्हती, सगळ्यांसमोर कसं खाणार! पट्टीवर 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बघायचं, असा नियम आहे. पंधरा मिनिटं मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. ती म्हणाली, “बरं वाटतंय, दुसरी नको लावूस.” मी लावली. 94. ती रडली. साखर उतरली म्हणून नाही, पट्टी फुकट गेली म्हणून.

पलीकडच्या इमारतीत हाच आजार असलेला एक मुलगा आहे. तो जिन्यात बसून शर्ट वर करून टोचून घेतो, पोरं कौतुकानं बघतात.

रात्री 8.30

आत्याबाई आल्या. आठची सुई दार लावून उरकली होती. चाळीत दार लावलं की शंका, उघडं ठेवलं की बोभाटा. आत्याबाई हळूच म्हणतात, “स्थळं बघायची वेळ येईल तेव्हा याचं बोलू नकोस हं.” मी म्हटलं, “बोलणार.” लेक पुस्तकातून मान वर न करता ऐकत होती.

रात्री 10.30

शुगर चढलेली असली की रात्रीतून चार-पाचदा उठावं लागतं. संडास पॅसेजच्या टोकाला, मजल्यावर वीस खोल्या. एकटी पाठवत नाही, मी बरोबर जाते. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या. आमची 160 फुटांची खोली, तिथं 500 फूट आणि संडास घरात. आमच्या इमारतीचा नंबर यायचाय. लेकीनं त्या घरात काय हवं याची यादी केलीय. पहिली ओळ: कडी असलेलं दार.

झोपायच्या आधी डबी हलवून बघितली, मग उघडून मोजली. नऊ पट्ट्या. आज एकतीस तारीख आहे, डब्यांचे पैसे पाचला येतात.