मोठी ऑर्डर आणि गावचा कारखाना

मंडळी, छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना वाटेत बिडकीन लागतं. या गावच्या शिवारात ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी तिचं लोकार्पण झालं. मोठमोठ्या कारखान्यांची नावं आपण ऐकतो, आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या, लेथवाल्याच्या मनात येतं, ‘आता आपलेही दिवस पालटतील.’ पालटतील, जरूर पालटतील. पण आधी थोडा हिशेब करू या.

समजा, तुमचं ट्रॉल्या बनवण्याचं लहानसं वर्कशॉप आहे. एके दिवशी मोठ्या कारखान्याची ऑर्डर येते : दरमहा दहा लाखांचा माल. लोखंड, मजुरी, वीज, भाडं धरून खर्च नऊ लाख. म्हणजे महिन्याला लाखभर नफा! पेढे वाटावेत अशीच गोष्ट. पण करारात एक ओळ असते : माल स्वीकारल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पैसे. पहिला महिना माल करण्यात गेला, पुढचा दीड महिना वाट पाहण्यात. काम तर थांबवता येत नाही. तेव्हा पहिला पैसा हाती येईपर्यंत अडीच महिन्यांचा खर्च, म्हणजे साडेबावीस लाख रुपये, तुम्हांला घालावे लागतात. ते जवळ नसले, तर नफ्यातला धंदाही मजुरीवाचून बंद पडतो. शिक्षक मित्रहो, हे गणित वर्गात फळ्यावर जरूर मांडा.

मग ऑर्डर सोडायची का? मुळीच नाही. शेतकरी पेरणीआधी बियाणं, खत आणि पाणी पाहतो, मगच किती एकर पेरायचं ते ठरवतो. धंद्याचं नियोजन म्हणजे तरी दुसरं काय? दहा लाखांऐवजी आधी चार लाखांचं काम घ्या. त्याच हिशेबानं नऊ लाख पुरतात. खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे आधीच जा. घर पेटल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे कितीतरी लहान कारखाने वाढले. मोठ्या झाडाची सावली चांगलीच. पण सारी भिस्त एकावरच असली, तर त्याचा खप मंदावताच आपलं यंत्रही थांबतं. म्हणून नवं काम मिळालं तरी ट्रॉलीचं जुनं गिऱ्हाईक तोडू नका. ऊस, कापूस काढायच्या दिवसांत तेच उपयोगी पडतं.

तिसरी गोष्ट माणसांची. माप घ्यायला मालक, वेल्डिंगला मालक, उधारी वसूल करायलाही मालकच! असा धंदा मालकाच्या दोन हातांपलीकडे वाढत नाही. एक तरी गडी तयार करा आणि मापं वहीत लिहून ठेवा.

आणि आपला हक्क ओळखा. उद्यम नोंदणी करा. तिला एक पैसाही लागत नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल स्वीकारल्यावर, लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत आणि करार नसला तर पंधरा दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. दाद मागायला राज्यात परिषद आहे. मात्र माल पोचल्याची सही आणि तारीख जपून ठेवा. तोंडी कारभाराला तिथं किंमत नाही.

बिडकीनच्या मातीनं या कारखान्यांना जागा दिली. तिथं आपल्या पोरांनी नुसतं फाटकावर उभं राहू नये, माल घेऊन आत जावं, असं वाटत असेल, तर आज रात्री जेवणं उरकल्यावर वही घ्या आणि एकच प्रश्न लिहा : ‘अडीच महिने पैसा आला नाही, तर माझं वर्कशॉप चालेल का?’ उत्तर सापडलं, की ऑर्डरवर सही करा.