सामींची दोन मते

शांततेचे नोबेल पारितोषिक दरवर्षी १० डिसेंबरला नॉर्वेच्या राजधानीत, ओस्लो येथे दिले जाते. त्या दिवशी आमची प्रस्थापित वृत्तपत्रे नॉर्वेचे गुणगान गाताना थकत नाहीत. मानवी हक्कांचे माहेरघर, सुखी माणसांचा देश असे बरेच काही छापून येते. ते सगळेच खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु याच देशाच्या उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात दोन-दोन महिने सूर्य उगवत नाही, तिथले मूळनिवासी कोण आहेत आणि या माहेरघरात त्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र कोणी छापत नाही. आम्ही आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत ते केवळ सहानुभूतीपोटी नव्हे. त्यांनी मिळवलेली एक गोष्ट अशी आहे की ती वाचताना आंबेडकरी माणसाला येरवडा आठवल्याशिवाय राहणार नाही.

या लोकांचे नाव सामी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प अशा चार राज्यांत ते वाटले गेले आहेत. या सीमा त्यांनी आखलेल्या नाहीत. त्यांची एकूण संख्या ८० हजार ते १ लाख असावी असा अंदाज केला जातो. जग त्यांना 'लॅप' म्हणत आले. आम्हीही शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'लॅपलंडचे लॅप लोक' असेच पाठ केले: रेनडिअर पाळतात, तंबूत राहतात, गुण दोन! स्वीडिश भाषेत याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ ठिगळ असा आहे. दुसऱ्याने चिकटवलेले हे नाव त्यांनी फेकून दिले आणि स्वतःच्या भाषेतले 'सामी' हे नाव जगाला वापरायला लावले. 'हरिजन' हा शब्द आम्ही का झुगारला हे ज्यांना आजही कळत नाही, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आणि ते दोन गुणांचे उत्तरही धड बरोबर नव्हते. बहुसंख्य सामी रेनडिअर पाळतच नाहीत. समुद्रकाठचे सामी पिढ्यानपिढ्या मासेमारी करत आले. आज कित्येक जण ओस्लोत, स्टॉकहोममध्ये मास्तर, नर्स, वकील आहेत. जे रेनडिअर पाळतात त्यांची कुटुंबे मिळून एक सिदा बनते आणि सिदा आपली कुरणे वाटून घेते. प्रत्येकाच्या जनावराच्या कानावर सुरीने पाडलेली वेगळी खूण असते आणि हजारो जनावरांच्या कळपात ती खूण दुरून ओळखणारी माणसे आहेत. बर्फावरून आता घसरगाडीऐवजी स्नोमोबाईल धावते, जनावराच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. परंपरा म्हणजे संग्रहालयातले कपाट नव्हे, हे या लोकांनी कधीच ओळखले आहे.

संग्रहालयाचा विषय निघालाच आहे तर कवट्यांविषयी सांगितले पाहिजे. माणसाच्या डोक्याची लांबी-रुंदी मोजून त्यावरून वंश ठरवण्याची पद्धत आंद्रेस रेत्सियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात काढली. पुढे १९२२ मध्ये स्वीडनच्या सरकारने उप्साला येथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्थाच उघडली. तिचा प्रमुख हर्मन लुंडबोर्ग सामी वस्त्यांत फिरून माणसांची डोकी मोजत होता, लहान मुलांसकट त्यांची नग्न छायाचित्रे घेत होता. नॉर्वेत सामींच्या कबरी उकरून सांगाडे विद्यापीठात नेले गेले. आमच्याकडे याच शास्त्राच्या जोरावर रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाके मोजत होता आणि नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात ही नाकांची मापेच हाती घेतली आणि दाखवून दिले की हे शास्त्र खरे मानले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात! मोजणाऱ्याची पट्टी मोजणाऱ्यावरच उलटवण्याचे असे उदाहरण आम्हाला दुसरीकडे सापडलेले नाही.

सामींना मात्र आपल्या माणसांची डोकी परत मागावी लागली. १८५२ मध्ये काउतोकेइनो या गावी सामींनी उठाव केला. त्यात दारू विकणारा व्यापारी आणि पोलीस अधिकारी मारले गेले. १८५४ मध्ये आस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी या दोघांचा शिरच्छेद झाला. धडे दफनभूमीच्या बाहेर पुरली आणि डोकी राजधानीतल्या विद्यापीठात पाठवली. त्यातले एक तर अदलाबदलीत कोपनहेगनच्या संग्रहात जाऊन पडले होते. १९९७ मध्ये, म्हणजे १४३ वर्षांनी, वंशजांनी ती दोन्ही परत मिळवून मातीत ठेवली. याच उठावात पकडलेला लार्स हेत्ता नावाचा तरुण वयामुळे फाशीतून वाचला. त्याने तुरुंगात बसून बायबलच्या जुन्या कराराचे सामी भाषेत भाषांतर केले. तुरुंगात लेखणी चालवण्याचा मान फक्त आमच्या उच्चवर्णीय देशभक्तांनाच आहे असे समजणाऱ्यांसाठी ही माहिती!

दुसरी गोष्ट ढोलाची. सामींचा जाणता पुरुष कातडी ढोल वाजवून देवाशी बोलत असे. ख्रिस्ती धर्मगुरूंनी तो सैतानाचा ठरवला, ढोल जाळले, जप्त केले. आंदेर्स पोल्सेन या वृद्ध सामीचा ढोल १६९१ मध्ये जप्त झाला. पुढच्या वर्षी त्यांच्यावर जादूटोण्याचा खटला चालला आणि निकाल लागण्याआधीच कैदेत त्यांचा खून झाला. ढोल मात्र डेन्मार्कच्या राजाकडे सुरक्षित पोहोचला. त्याची मालकी सामींना परत मिळाली २०२२ मध्ये! आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या मनात हलगी आली. आमच्या बापजाद्यांच्या गळ्यात ढोल-हलगी सक्तीने अडकवली गेली, गावाच्या मिरवणुकीपुढे ती वाजवलीच पाहिजे असा दंडक होता आणि ती खाली ठेवणाऱ्यावर बहिष्कार पडत होता. तिकडे वाजवले म्हणून शिक्षा, इकडे वाजवले नाही म्हणून शिक्षा. त्यामुळे ढोल परत आला तेव्हा सामींनी तो आनंदाने स्वीकारला आणि आम्ही हलगी सोडली तेव्हा तोही आनंदच होता, यात आम्हाला काहीच विसंगती दिसत नाही.

नॉर्वे आणि स्वीडन यांच्या धोरणात एक फरक होता, तोही पाहण्यासारखा आहे. नॉर्वेने ठरवले की सामींना नॉर्वेजियन करून टाकायचे. १८८० पासून शाळेत सामी भाषा जवळजवळ बंद झाली, मुले वसतिगृहात ठेवली गेली. १९०२ च्या कायद्याने तर फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यायची असेल तर नॉर्वेजियन लिहिता-वाचता-बोलता येणे सक्तीचे केले. स्वीडनने उलट केले. भटके सामी हे भटकेच राहिले पाहिजेत, त्यांना सुधारणा मानवत नाही, असे म्हणून १९१३ पासून त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या, दुय्यम दर्जाच्या शाळा काढल्या. एकाने भाषा घेतली, दुसऱ्याने शिक्षण रोखले. 'ज्याने त्याने आपापल्या कर्मात राहावे' हे तत्त्वज्ञान फक्त भारतातच निपजते असा आमचा समज होता, तो आता गेला.

या अंधारात उभी राहिली एक बाई. एल्सा लाउला रेनबर्ग हे तिचे नाव. रेनडिअर पाळणाऱ्या घरातली मुलगी, स्टॉकहोमला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतलेली. १९०४ मध्ये तिने सामींच्या जमिनीच्या आणि शिक्षणाच्या हक्कांवर पुस्तिका लिहिली. 'जीवन की मरण' असाच प्रश्न तिने मथळ्यात घातला होता. ६ फेब्रुवारी १९१७ रोजी ट्रॉन्डहाइम शहरातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंचे शंभराहून अधिक सामी जमले. परिषद बोलावण्यात एल्साबाईंचा पुढाकार होता. आज चारही देशांतले सामी ६ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. राजाचा जन्मदिवस नाही, लढाईतला विजय नाही. एक परिषद भरली तो दिवस! महाड आणि येवल्याचे दिवस पाळणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यानंतरची मोठी लढाई आल्ता नदीच्या धरणाची. मूळ योजनेत मासी हे अख्खे सामी गाव बुडणार होते. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत पार्लमेंटसमोर तंबू ठोकून उपोषण केले. जानेवारी १९८१ मध्ये साखळदंडांनी स्वतःला बांधून घेतलेल्या आंदोलकांना हलवायला सुमारे ६०० पोलीस आणले गेले. फेब्रुवारीत १४ सामी स्त्रियांनी थेट पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या कार्यालयात ठिय्या दिला. मासी गाव आधीच योजनेतून वगळले गेले होते, पण धरण झालेच. सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ मध्ये सरकारची बाजू घेतली. तथापि या आंदोलनाने सरकारची जी बेअब्रू झाली, तिच्यातून १९८७ चा सामी कायदा आणि १९८८ ची घटनादुरुस्ती निघाली. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी काराशोक येथे सामी पार्लमेंट सुरू झाले. नदी हरून पार्लमेंट मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

आता आम्हाला जे सांगायचे आहे ते इथे येते. या सामी पार्लमेंटचे ३९ सदस्य कोण निवडतो? फक्त सामी. त्यासाठी स्वतंत्र मतदारयादी आहे. जो स्वतःला सामी मानतो, आणि ज्याच्या घरात स्वतःची, आईबापांची, आजी-आजोबांची किंवा पणजी-पणजोबांपैकी कोणाची भाषा सामी होती, तो या यादीत नाव नोंदवू शकतो. निवडणूक देशाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी होते. म्हणजे सामी माणूस मतदान केंद्रावर जातो आणि दोन मते देतो. एक देशाच्या पार्लमेंटसाठी सर्वांबरोबर, दुसरे आपल्या पार्लमेंटसाठी आपल्या माणसांबरोबर.

वाचकहो, दोन मते! ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्यात नेमके हेच होते. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडता येणार होता, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत देता येणार होते. गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. जागा वाढल्या, १४८ झाल्या. दुसरे मत गेले. आमच्या प्रतिनिधीच्या निवडीची किल्ली दुसऱ्यांच्या हाती गेली. १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेब पडले, यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा? त्या वेळी म्हटले गेले की दोन मतांनी समाज फुटेल. नॉर्वेत १९८९ पासून दोन मते दिली जात आहेत. नॉर्वे फुटल्याचे ऐकिवात नाही.

पण आम्ही इथेच थांबलो तर वाचकांची फसवणूक होईल. सामी पार्लमेंट म्हणजे कायदे करणारी सभा नव्हे. भाषा, संस्कृती, पुरातन वास्तू यांबाबत काही अधिकार आणि निधी तिच्या हाती आहे. बाकी सरकारने तिच्याशी सल्लामसलत करावी, एवढेच. देशाच्या पार्लमेंटमध्ये सामींसाठी एकही राखीव जागा नाही. म्हणजे त्यांना मिळाले आपल्या मताने निवडलेले, पण सत्ता नसलेले सभागृह. आम्हाला मिळाल्या सत्तेच्या सभागृहातल्या जागा, पण दुसऱ्यांच्या मतांनी भरलेल्या. १९३२ ला बाबासाहेबांनी मागितले होते ते दोन्ही एकत्र: खरी सत्ता असलेल्या सभागृहात आपल्या मताने गेलेला माणूस. ते सामींनाही मिळालेले नाही आणि आम्हालाही नाही.

स्वतंत्र यादी आली की घुसखोरही येतो, हेही खरे. फिनलंडमध्ये सामी पार्लमेंटने नाकारलेल्या लोकांना तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०११ आणि २०१५ मध्ये यादीत घातले. सामींनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली आणि २०१९ मध्ये समितीने फिनलंडला दोषी धरले. कोण सामी हे ठरवताना सामींचा शब्द डावलता येणार नाही, असा त्याचा अर्थ. बोगस जातप्रमाणपत्रांवर नोकऱ्या बळकावणाऱ्यांशी महाराष्ट्रातले आदिवासी बांधव किती वर्षे झुंजत आहेत! कोण आदिवासी हे ठरवताना त्यांना कोणी विचारले आहे?

सत्ता नसलेल्या सभागृहाची किंमत काय, ते फोसेनमध्ये दिसले. ट्रॉन्डहाइमजवळच्या फोसेन द्वीपकल्पावर, सामींच्या हिवाळी कुरणांवर, सरकारच्या परवान्याने १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. हरित ऊर्जेसाठी! फिरत्या पात्यांच्या आसपास रेनडिअर चरत नाहीत, हे सामी सांगत राहिले. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की हे परवाने अवैध आहेत आणि सामींच्या सांस्कृतिक हक्कांचे उल्लंघन झाले आहे. पुढे काय झाले? काहीच नाही. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, २३ फेब्रुवारी २०२३ रोजी, सामी तरुण-तरुणी ओस्लोत ऊर्जामंत्रालयात जाऊन बसल्या. त्यांच्या अंगावर गाक्ती होती, सामींचा निळा-लाल पारंपरिक पोशाख. सणासुदीला मिरवायचा हा पोशाख अनेकांनी त्या दिवशी उलटा करून, शिवण बाहेर ठेवून घातला होता. निषेधाची ही त्यांची जुनी रीत आहे.

मार्च २०२३ मध्ये मंत्र्यांनी माफी मागितली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये दोन्ही सिदांशी तडजोडी झाल्या. दरवर्षी पैसे आणि दुसरीकडे चराईची सोय असे त्यांचे स्वरूप. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी तर नॉर्वेच्या पार्लमेंटने दीडशे वर्षांच्या सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणाबद्दल सामींची रीतसर क्षमा मागितली. क्षमा मागितली गेली त्या दिवशीही फोसेनच्या पठारावरच्या १५१ पवनचक्क्या आपल्या जागी उभ्या होत्या, आणि आजही आहेत.